फुकुसा : भेटीवरील वस्त्राची भाषा



मराठीच्या अध्यापकाने जपानी वस्त्राविषयी बोलण्यास उभे राहावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु वस्त्र आणि वाङ्मय यांचे नाते आपल्याकडेही जुने आहे. सूत्र, पट, पोत, वीण, धागेदोरे हे शब्द आपल्या समीक्षेने विणकराच्या घरूनच उसने आणले आहेत. आज ज्या वस्त्राचा परिचय करून द्यावयाचा आहे, ते तर वाचले जावे म्हणूनच तयार होत असे. ज्या गुरुवर्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण येथे जमतो, त्यांनी विद्यार्थ्यांना ओळीपलीकडचे वाचण्याची सवय लावली. त्या सवयीचे मोल काय आणि ती सुटली म्हणजे नेमके काय हरवते, हे या रेशमी चौकोनाइतके स्पष्ट करून सांगणारी दुसरी वस्तू माझ्या माहितीत नाही.

१. वस्तू आणि रीत

‘फुकुसा’ हा शब्द जपानी भाषेत एकाहून अधिक वस्तूंना लावतात, म्हणून घोटाळा आरंभीच टाळू. चहाच्या विधीत यजमान ज्या साध्या, एकरंगी रेशमी रुमालाने चहाची उपकरणे पुसतो, तोही फुकुसाच. लग्नाला किंवा अंत्यविधीला जाताना पैशाचे पाकीट ज्या लहान रेशमी वेष्टनातून नेतात, त्यालाही तेच नाव आहे. आपला विषय याहून वेगळा. तो म्हणजे ‘काकेफुकुसा’, अर्थात वरून पांघरावयाचा फुकुसा. गाठोडे बांधण्याचे ‘फुरोशिकी’ नावाचे कापडही निराळे. फुरोशिकी ओझे वाहून नेते. काकेफुकुसा काहीच बांधत नाही, तो केवळ भेटीवर अंथरला जातो.

या वस्त्राच्या वैभवाचा काळ म्हणजे जपानमधील एदो कालखंड, इ. स. १६०३ ते १८६८. सत्ता शोगुनच्या हाती एदो येथे, म्हणजे आजच्या टोकियोत, आणि सम्राट क्योतो येथे, अशी त्या काळची व्यवस्था होती. सरदार, सामुराई, व्यापारी आणि कारागीर यांच्या श्रेणींनी बांधलेल्या त्या समाजात भेटी देणे-घेणे हे शिष्टाचाराचे मोठे शास्त्र होते. विवाह, अपत्यजन्म, नववर्ष, ऋतूंचे सण अशा प्रसंगी भेट पाठवावयाची ती लाखेचा लेप दिलेल्या पेटीत ठेवीत, पेटी लाखेच्याच तबकात ठेवीत आणि त्यावर फुकुसा पांघरून ते सारे पाहुण्याच्या घरी पोहोचते करीत.

आता या रीतीचा मर्माचा भाग. पेटी स्वीकारणारा प्रथम वस्त्र पाही, त्यावरील चित्र ओळखी, त्याचे रसग्रहण करी. मग भेट काढून घेई आणि पेटी, तबक व फुकुसा ही तिन्ही देणाऱ्याकडे परत पाठवी. भेटीपेक्षा अनेकदा वरचे वस्त्रच अधिक मोलाचे असे आणि तेच नेमके परत जाई. थोरांकडून आलेला फुकुसा ठेवून घेण्याचे प्रसंगही घडत. नारा येथील कोनबुइन या भिक्षुणींच्या मठात भरतकामाचे एकतीस फुकुसा जपून ठेवलेले आहेत. पाचवे शोगुन तोकुगावा त्सुनायोशी (सत्ताकाल १६८० ते १७०९) यांनी आपली उपपत्नी ओदेन हिला वेळोवेळी पाठविलेल्या भेटींवरील ही वस्त्रे, अशी त्यांची परंपरा सांगितली जाते. आरंभीच्या काळातील उत्तम फुकुसा पाहावयाचे तर अभ्यासक या संग्रहाकडेच वळतात.

२. परत का पाठवावयाचे?

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी १९२५ साली प्रसिद्ध केलेल्या दानविषयक प्रबंधात एक सिद्धान्त मांडला आहे. अनेक समाजांमध्ये देणे, घेणे आणि फेडणे या तिन्ही गोष्टी वरून ऐच्छिक दिसल्या तरी वस्तुतः बंधनकारक असतात. जपानी समाजात या बंधनाला ‘गिरी’ असा शब्दच आहे. कर्तव्य, ऋण आणि लोकलज्जा या तिन्हींच्या छटा त्यात आहेत. भेट स्वीकारणे म्हणजे ऋण स्वीकारणे. मग त्या भेटीवर सोन्याच्या जरीचे, महिनोन्‌महिने खपून केलेले वस्त्रही आले आणि तेही ठेवून घ्यावे लागले, तर घेणाऱ्याची मान कायमची वाकलेली राहील.

फुकुसाच्या रीतीने ही अडचण मोठ्या नजाकतीने सोडविली. देणारा आपले सर्वोत्तम ते पुढे करी, पण ते दाखविण्यापुरते. घेणारा त्याचा आस्वाद घेई, पण ते बाळगीत नसे. वस्तू एका घरी राहिली, सौंदर्य दोन्ही घरांचे झाले आणि ऋणाचा बोजा मात्र भेटीपुरताच राहिला. तोच फुकुसा पुन्हा पेटीत जाऊन पुढील योग्य प्रसंगाची वाट पाहू शके.

परत जाणारी पेटी मात्र अगदी रिकामी पाठवीत नसत. तीत कागदाची घडी, पुढील काळात काडेपेटी, असे काही किरकोळ ठेवण्याची चाल होती. तिला ‘ओ-उत्सुरी’ म्हणतात. आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांना ही चाल समजावून सांगावी लागणार नाही. शेजारणीकडून आलेली वाटी रिकामी परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, हा संस्कार आपल्याकडे शाळेत शिकविला जात नाही. तो स्वयंपाकघरातच होतो. भेटीवर नक्षीचे वस्त्र घालण्याची रीतही भारताला अपरिचित नाही. हिमाचल प्रदेशातील चंबा येथे दोन्ही बाजूंनी सारखेच दिसणारे भरतकाम केलेले रुमाल वधूवरांच्या घरांतील भेटींवर आणि देवाच्या नैवेद्यावर घालीत. ‘चंबा रुमाल’ या नावाने ते प्रसिद्ध आहेत. तेव्हा ही भावना एकट्या जपानची नव्हे. जपानने केले ते इतकेच की, या साध्या रीतीला साहित्याची जोड दिली.

३. वस्त्राची घडण

फुकुसा हा साधारणपणे चौरस असतो. लहान-मोठे नमुने मिळतात, पण हातभर किंवा त्याहून थोडी अधिक बाजू, हे सर्वसामान्य माप. दर्शनी बाजूस बहुधा अतलस, म्हणजे साटीन. त्याचा रंग पुष्कळदा गडद निळा असतो. आतल्या बाजूस क्रेप रेशमाचे अस्तर, अनेकदा तांबडे. हे अस्तर कडेने किंचित पुढे वळवून शिवतात, त्यामुळे निळ्या चित्राला तांबडी बारीक चौकट मिळते. चारही कोपऱ्यांना रेशमी गोंडे असतात. ते शोभेचे आहेतच, शिवाय भरतकामाला बोट न लावता वस्त्र उचलता यावे ही त्यांची उपयुक्तता. पुढील काळात अस्तराच्या बाजूवर घराण्याचे चिन्ह, ज्याला ‘मोन’ म्हणतात, ते घालण्याची पद्धत रूढ झाली. म्हणजे एका बाजूस प्रसंग, दुसऱ्या बाजूस कुल.

चित्र उमटविण्याच्या रीती मुख्यतः तीन. पहिली भरतकामाची. त्यासाठी पीळ न दिलेले सपाट रेशीम वापरीत. पीळ नसल्यामुळे त्यावर प्रकाश पसरतो आणि बगळ्याचे पीस वा लाटेचा फेस जणू ओला दिसतो. सोनेरी धागा आपल्या कलाबतूहून वेगळा. आपल्याकडे धातूची तार चपटी करून ती रेशमावर गुंडाळतात. जपानमध्ये लेप दिलेल्या कागदावर सोन्याचा वर्ख बसवून, त्याच्या बारीक पट्ट्या कापून त्या धाग्याभोवती गुंडाळीत. असा धागा कापडातून आरपार ओढला तर वर्ख निघून जाईल. म्हणून तो पृष्ठभागावर नुसता मांडीत आणि दुसऱ्या तलम धाग्याच्या सूक्ष्म टाक्यांनी जागोजागी बांधीत.

दुसरी रीत ‘यूझेन’ रंगकामाची. सतराव्या शतकाच्या अखेरीस क्योतो येथील पंख्यांवर चित्रे काढणारे मियाझाकी यूझेन यांच्या नावाने ती ओळखली जाते. तांदळाच्या लापशीसारख्या खळीने रेषा आखून घेतल्या म्हणजे एका भागाचा रंग दुसऱ्यात मिसळत नाही, हे तिचे तत्त्व.

तिसरी रीत विणकामाची. तिला ‘त्सुझुरे’ म्हणतात आणि येथे पैठणी जाणणाऱ्यास एकदम ओळख पटेल. पैठणीच्या पदरात मोर किंवा कमळ विणताना बाण्याचा धागा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जात नाही. प्रत्येक रंगाचा धागा आपापल्या आकृतीपुरताच फिरतो आणि परततो. त्सुझुरेचे तत्त्व हेच. भेद इतकाच की, पैठणीत शेजारच्या दोन रंगांचे धागे एकमेकांत अडकवितात, तर त्सुझुरेत त्यांच्यामध्ये बारीक फट राहू देतात. क्योतोच्या निशिजिन भागातील या कामाचे विणकर आपल्या बोटांची नखे करवतीच्या दात्यांसारखी कापून घेतात आणि त्या नखांनीच बाणा ओढून घट्ट बसवितात. आपल्याकडे ‘नखशिखान्त’ हा शब्द अलंकारांसाठी वापरतात. येथे नख हेच अवजार झाले आहे.

४. चित्रांची बाराखडी

फुकुसावर कोणते चित्र असावे, हे देणाऱ्याच्या मर्जीवर नव्हे तर प्रसंग, ऋतू आणि नाते यांवर ठरे. काही संकेत सर्वांस ठाऊक असत. क्रौंच पक्षी सहस्र वर्षे आणि कासव दशसहस्र वर्षे जगते, अशी समजूत. म्हणून ही जोडी दीर्घायुष्याच्या शुभेच्छेसाठी. पाइन, बांबू आणि जपानी प्लमची फुले हे त्रिकूट हिवाळ्याला पुरून उरणाऱ्या धैर्याचे. धबधबा चढून जाणारा मासा हा मुलाच्या पराक्रमाची इच्छा व्यक्त करणारा.

विवाहप्रसंगी शिंपल्यांच्या दोन पेट्यांचे चित्र येई. शिंपल्याचे दोन भाग एकमेकांशिवाय जगातील अन्य कोणत्याही शिंपल्याशी तंतोतंत जुळत नाहीत. त्यावर आधारलेला जोड्या लावण्याचा खेळ खानदानी घरांत खेळत. सरदारकन्येच्या वरातीत या शिंपल्यांच्या पेट्या अग्रभागी नेत. एकनिष्ठेचे इतके बोलके प्रतीक क्वचितच सापडेल.

नववर्षाच्या फुकुसावर रत्नांनी भरलेली नौका आणि तीत बसलेले सप्त भाग्यदेव दिसतात. या सातांतील तीन आपल्या परिचयाचे आहेत, वेष मात्र पालटलेला. वीणेऐवजी ‘बिवा’ हे तंतुवाद्य हाती घेतलेली बेंझाइतेन म्हणजे आपली सरस्वती. चिलखत घातलेला बिशामोनतेन हा वैश्रवण, म्हणजे कुबेर. आणि तांदळाच्या पोत्यांवर हातोडी घेऊन हसत उभा असलेला दाइकोकुतेन हा मूळचा महाकाल! बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांबरोबर हे देव जपानला पोहोचले. स्मशानाचा अधिपती एका देशातून निघून दुसऱ्या देशात धान्यकोठाराचा देव होऊन हसू लागतो, हा प्रवास दैवतशास्त्राच्या अभ्यासकाने अवश्य पाहावा.

आणखी एक चित्र मला विशेष वाटते. मोठ्या नगाऱ्यावर कोंबडा बसला आहे. चीनमधील एका आदर्श राजाने वाड्याबाहेर नगारा ठेवविला होता, अशी ही कथा आहे. ज्याला राज्यकारभाराविषयी गाऱ्हाणे असेल त्याने तो वाजवावा. राज्य इतके न्यायाचे चालले की, नगारा वाजविण्याची वेळच कोणावर आली नाही आणि कोंबडे त्यावर निर्भयपणे बसू लागले. असे वस्त्र अधिकाऱ्याकडे गेले तर त्यात स्तुती आहे. पण नीट पाहिले तर त्या स्तुतीत एक अपेक्षाही आहे.

५. अनुपस्थितांचे चित्र

आतापर्यंतची चिन्हे बाराखडीसारखी. खरी कविता पुढे आहे. जपानी कलेत ‘रुसु-मोयो’ नावाचा एक प्रकार आहे. ‘रुसु’ म्हणजे घरी कोणी नसणे; तेव्हा रुसु-मोयो म्हणजे अनुपस्थितांची नक्षी. कथा सांगावयाची, पण कथेतील माणसे चित्रात आणावयाची नाहीत. त्यांच्या मागे राहिलेल्या वस्तू तेवढ्या दाखवावयाच्या.

नोह नाट्यातील ‘ताकासागो’ या झेआमीच्या प्रसिद्ध नाटकात जो आणि उबा हे वृद्ध दांपत्य आहे. ते वस्तुतः दोन पाइन वृक्षांचे आत्मे. वृक्ष दूर दूर उभे असले तरी त्यांचे दांपत्य अखंड आहे. वृद्धाच्या हाती दाताळे, वृद्धेच्या हाती झाडू. वृक्षाखालची पाने दोघे गोळा करतात. लग्नाच्या फुकुसावर हे दांपत्य वारंवार येते. पण रसिक कारागिराला त्यांना काढण्याचीही गरज वाटत नाही. पाइनखाली एक दाताळे आणि एक झाडू ठेवला की पुरे. ‘तुम्ही दोघे एकत्र म्हातारे व्हा’ हा आशीर्वाद पोहोचला.

दुसरे उदाहरण ‘इसे मोनोगातारी’ या प्राचीन कथासंग्रहातील. राजधानी सोडून पूर्वेकडे निघालेला नायक आठ फळ्यांच्या पुलापाशी पोहोचतो. पाण्यात आयरिसची निळी फुले फुललेली असतात. फुलाच्या जपानी नावातील पाच अक्षरे एकेका चरणाच्या आरंभी योजून तो मागे राहिलेल्या पत्नीच्या आठवणीची कविता रचतो. वस्त्रावर नायक नाही, पत्नी नाही, अश्रू नाही. वेडावाकडा फळ्यांचा पूल आणि निळी फुले एवढेच. जाणकाराला विरह ऐकू येतो; अजाणत्याला बाग दिसते.

याहूनही संक्षिप्त खूण ‘गेंजी मोनोगातारी’ या कादंबरीसाठी आहे. अकराव्या शतकाच्या आरंभी मुरासाकी शिकिबु या दरबारी स्त्रीने लिहिलेली ही चौपन्न प्रकरणांची कादंबरी. सुगंध ओळखण्याच्या एका खेळात पाच उभ्या रेषा निरनिराळ्या प्रकारे जोडून बावन्न आकृत्या तयार होतात; पहिले व अखेरचे प्रकरण वगळून उरलेल्या प्रत्येक प्रकरणास यांतील एकेक आकृती दिली गेली. वस्त्राच्या कोपऱ्यात अशी पाच रेषांची आकृती दिसली की, वाचलेल्या माणसाच्या मनात अवघे प्रकरण जागे होते.

आपल्या काव्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना येथे नवव्या शतकातील काश्मीरचे आनंदवर्धन आठवल्यावाचून राहणार नाहीत. काव्याचा आत्मा ध्वनी. सांगितलेल्या अर्थापलीकडे जो सुचविला जातो तो अर्थ श्रेष्ठ, हा ‘ध्वन्यालोका’चा सिद्धान्त. दोन परंपरांचा परस्परसंबंध होता असे मी म्हणत नाही. परंतु ध्वनीसाठी जशी सहृदयाची आवश्यकता, तशीच फुकुसासाठीही. देणाऱ्याने झाडू पाठविला आणि घेणाऱ्याला ताकासागो ठाऊक नसेल, तर लग्नघरी केवळ झाडू पोहोचला! म्हणजे भेट देणारा नकळत एक विश्वास प्रकट करीत असे: आपण हे वाचू शकाल. माझ्या मते हाच खरा सन्मान होता. आतली वस्तू दुय्यम.

६. वाचक गेला

१८६८ मध्ये शोगुनशाही संपली, सम्राटाचे वास्तव्य क्योतोहून टोकियोस हलले आणि १८७६ पर्यंत सामुराईंची वेतनेही बंद झाली. क्योतोच्या विणकरांचा आश्रयदाता वर्ग असा काही वर्षांतच विरून गेला. कारागीर हातावर हात ठेवून बसले नाहीत. १८७२ मध्ये निशिजिनमधून तीन माणसे फ्रान्समधील लिओं येथे पाठविली गेली आणि जकार्ड माग जपानात आला. युरोप-अमेरिकेतील प्रदर्शनांसाठी भव्य भरतकामे होऊ लागली. आपले सयाजीराव महाराज १९१० साली जपानला गेले, तेव्हा हे परिवर्तन बरेच पुढे गेलेले होते.

याच काळात जुने फुकुसा जपानी घरांतून बाहेर पडून परदेशी संग्राहकांच्या हाती गेले. आज लंडनचे व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट, न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन अशा संग्रहालयांत त्यांचे उत्तम नमुने आहेत. तेथे ते सुरक्षित आहेत आणि जगाला पाहावयास मिळतात, हे चांगलेच झाले. पण त्यांच्या इतिहासात एक सूक्ष्म उलटापालट झाली. जे वस्त्र प्रत्येक वेळी परत येण्यासाठी घराबाहेर पडत असे, ते एकदा विकले गेले आणि परतले नाही. जे आडवे पसरून भेटीच्या उंचवट्यावर वळत असे, ते भिंतीवर सपाट लावले गेले. खाली भेट नाही, समोर घेणारा नाही, म्हणून चित्रही केवळ चित्र झाले.

रीत अगदीच लोपली असे नाही. क्योतोच्या परिसरात वाङ्‌निश्चयाच्या वेळी घराण्याचे चिन्ह असलेला फुकुसा अजूनही कुठे कुठे वापरतात. पैशाच्या पाकिटासाठी लहान फुकुसा वापरणारे तर पुष्कळ आहेत. मंगलकार्यास उष्ण रंगाचा, शोकप्रसंगी शीत रंगाचा, आणि जांभळा दोन्हींस चालतो. त्या पाकिटावरील दोरीची गाठही बोलते. अपत्यजन्मासाठी सहज सुटणारी गाठ, कारण तो आनंद पुन्हा पुन्हा यावा. विवाहासाठी न सुटणारी, कारण तो एकदाच व्हावा. भाषा क्षीण झाली, परंतु तिचे व्याकरण थोडे शिल्लक आहे.

७. आपल्यापुरते

हे सारे महाराष्ट्राबाहेरच्या एका मराठी शाळेत का सांगावे? आपल्या बोलण्यातही रुसु-मोयो आहे, म्हणून. ‘ध चा मा केला’ असे आपण सहज म्हणतो. त्या वाक्यात नारायणराव नाहीत, आनंदीबाई नाहीत, १७७३ सालचा शनिवारवाडा नाही. लोककथेने मागे ठेवलेली दोन अक्षरे तेवढी आहेत. ‘पानिपत झाले’ म्हणताना १७६१ चे रणांगण कोणी वर्णन करीत नाही. ऐकणाऱ्याच्या ठायी ते आहे, असे आपण गृहीत धरतो. बडोद्यातील आपल्या घरांत आज अशी मुले आहेत, जी मराठी उत्तम बोलतात. परंतु वाचत नाहीत. त्यांच्यापर्यंत शब्द पोहोचतात, दोन अक्षरांमागचा वाडा पोहोचत नाही. त्यांचा त्यात दोष नाही. झाडू पाठविणाऱ्यांनी ताकासागो शिकविले नाही, इतकाच त्याचा अर्थ.

संग्रहालय वस्त्र टिकवू शकते. वाचक टिकविणे त्याच्या हाती नाही. ते काम घराचे आणि शाळेचे. आपली ही शाळा दीर्घकाळ ते करीत आली आहे आणि पटावरची संख्या काहीही असो, तिचे समर्थन त्याच कामात आहे. माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती एवढीच की, घरातील मुलांशी बोलताना एखादी म्हण, एखादे जुने नाव त्यांना कळणार नाही म्हणून गाळू नका. ते वापरा, आणि त्यामागची गोष्ट सांगण्यास पाच मिनिटे काढा.

गुरुवर्यांनी आपल्याला जे दिले, ते आपण ठेवून घेतले आहे. त्यावर पांघरलेले वस्त्र मात्र पुढच्या घरी पोहोचवावयाचे आहे.